वांग्याच्या वाडीत वाळणाऱ्या घड्या

नलूला बोलायला विषय लागत नाही, समोर फक्त बाई लागते. नालवाडी ओलांडून पवनारच्या अंगाला भाजीपाल्याची जी गावं आहेत, त्यांतल्या कुठल्याही आंगणात ती मांडी घालून बसली की आधी वांग्यावरच्या किडीची चौकशी होते, मग सासूच्या गुडघ्याची, आणि चहा उकळेपर्यंत तिने पिशवीतून घडी काढून सगळ्यांसमोर उलगडलेली असते. घडी हा तिथल्या बायकांचा शब्द. दुकानात मिळतो तो पॅड आणि नलू शिवते ती घडी. आत फलालिनीचे थर, वरून सुती कापड, दोन बाजूंना पंख आणि पंखांना टिचबटण. धुवायची, वाळवायची आणि पुन्हा वापरायची.

नलूचं माहेर समुद्रपूरकडचं. घरात तिघी बहिणी आणि आईचं एक जुनं लुगडं, त्याच्या चिंध्या तिघींत फिरायच्या. नलूची पाळी आली की धाकटीची येऊ नये म्हणून आई देवाला हात जोडायची. चिंधी गोठ्यातल्या कुडात खोचून वाळवायची, कधी ती ओलीच परत घ्यावी लागायची. नववीत एकदा डाग पडला म्हणून नलू शाळा सुटल्यावरही बाकावरून उठली नाही. शिपायाने दार लावायला येऊन विचारलं तेव्हा उठली, आणि त्यानंतर शाळेत गेलीच नाही. ही गोष्ट ती सांगते ती अगदी कोरडेपणाने, दुसऱ्याच कुणाची असावी तशी. पण सांगतेच, प्रत्येक आंगणात सांगते.

लग्न होऊन इकडे आल्यावर सेवाग्रामच्या एका संस्थेत ती शिवणकाम शिकली आणि तिथेच घडी शिवायला लागली. सुरुवातीला काळ्या कापडाच्या शिवायची. बायका खूश, कारण डाग दिसत नसे. मग तिच्याच लक्षात आलं की डाग दिसत नाही म्हणजे धुऊन उरलेलाही दिसत नाही. तेव्हापासून काळं कापड बंद. आता निळं, गुलाबी, पिस्ता. कुणी नाक मुरडलं की ती म्हणते, "लपवासाठी नाई शिवली बाप्पा, धुवासाठी शिवली."

तिचे धडे तीनच. आधी थंड पाणी, मग साबण, मग ऊन. पहिल्या दोहोंना कुणाची ना नसते. तिसऱ्याला मात्र आंगण गप्प होतं. उन्हात घालायची, पण कुठल्या उन्हात? आंगणात सासरा बसलेला, ओट्यावर दीर, रस्त्यावर सगळा गाव. बायका खाली मान घालून म्हणायच्या, "हो, घालू." घालणार कुणी नाही हे त्यांनाही ठाऊक आणि नलूलाही.

आणि नलूला का ठाऊक नसावं? तिच्या स्वतःच्या घडीने तिच्या स्वतःच्या आंगणातलं ऊन कधी पाहिलं नव्हतं.

तिच्या आंगणात कडुनिंब आहे, आणि कडुनिंबाखाली तिचे सासरे वासुदेवराव यांची बाज. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत म्हातारा तिथे असतो. माणूस वाईट नाही. सुनांना आवाज चढवून बोललेला कुणी ऐकला नाही. पण घरामागे विहिरीला लागून जी वांग्याची वाडी आहे, तिच्याबद्दल त्याचा शब्द शेवटचा. त्याची काटेरी वांगी आसपास नावाजलेली. चंपाषष्ठीला निम्मं गाव भरताचा नैवेद्य दाखवतं तो वासुदेवरावांच्या वाडीतल्या वांग्यांचा, आणि हा मान त्याच्या बापापासूनचा. त्यामुळे वाडीला विटाळ चालत नाही. पाळीच्या दिवसांत घरच्या बाईने वाडीत पाऊल टाकायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही. झाड जळतं म्हणे. सासू होती तोवर ती हे पाळून घ्यायची, ती गेल्यावर म्हाताऱ्याच्या नुसत्या असण्याने ते पाळलं जाऊ लागलं.

नलूने यातून वाट काढली होती, आणि ती तिला फार हुशारीची वाटत होती. विहीर वाडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच आहे. कपडे धुवायच्या दगडावर उभं राहून हात लांबवला की वांग्याची पहिली ओळ हाताशी येते. झाडं कमरेएवढी, पानं रुंद, वर लख्ख ऊन. तिथे आतल्या फांदीवर घडी पसरली की बाहेरून काही दिसत नाही. पाय धुऱ्यावर, हात तेवढा वाडीत. म्हणजे नियम मोडला नाही आणि ऊनही मिळालं, अशी तिने आपली सोयीस्कर समजूत करून घेतली होती. इतक्या वर्षांत एकही झाड जळलं नव्हतं.

हीच युक्ती तिने बायकांना द्यायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर नाही, आंगणातून उठता उठता, कानात. "आंगनात जमत नसंन तं वांग्यात घाल वो. ऊनबी लागते आन् कोनाले दिसतबी नाई." तेव्हापासून घड्या खऱ्या अर्थाने चालल्या. बायका दुसरी मागायला लागल्या, मुलींसाठी मागायला लागल्या. नलूला वाटलं, जमलं.

तिची धाकटी जाऊ वर्षाली उन्हाळ्यात लग्न होऊन आली. पुलगावची मुलगी, दुकानचा पॅड वापरणारी. त्यातही महिन्याचा हिशेब बसवायला एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवणारी. तिला नलूने घड्या शिवून दिल्या आणि दगडावर उभं राहून हात कसा लांबवायचा तेही दाखवलं. एक गोष्ट सांगायची मात्र राहिली. ती नलूला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती, कारण तिच्या हाताने ती आपोआप होत असे. फवाऱ्याच्या दिवशी नलूचा नवरा कैलास तिला विहिरीवरून ड्रम भरून मागतो. ड्रम भरता भरता ती वांग्यातली घडी काढून ओच्यात टाकते. बस, एवढंच.

कार्तिकात वांग्यात अळी आली. साऱ्या गावाच्याच आली, आणि साऱ्या गावाने एकाच आठवड्यात पंप पाठीवर घेतले. कैलासने फवारा मारला त्या दिवशी नलू हिंगणीकडच्या एका गावात बायकांना घडी समजावत बसली होती. ड्रम कैलासने स्वतः भरला. वर्षालीच्या घड्या वांग्यात होत्या. संध्याकाळी तिने हात लांबवला, छान कडक वाळलेल्या घड्या काढल्या आणि पेटीत ठेवल्या.

पुढच्या पाळीत वर्षाली दुसऱ्याच दिवशी भिंतीला धरून चालू लागली. आग, खाज, मग फोड. नलूने आधी तिलाच दटावलं. "साबन राहून गेला असंन. खळखळून धुतली नाई तू." वर्षाली बिचारी हो म्हणाली. थांबेना तेव्हा नलू तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, मलम दिलं आणि विचारलं, "कापड उन्हात वाळवता ना?"

"हो," दोघी म्हणाल्या. खोटं तर नव्हतं.

परत आल्या तो मंदाबाईचा निरोप. मंदाबाई दोन घरं सोडून राहते, तिची जीभ मात्र घराच्या चार पावलं पुढे. तिच्या मुलीला, गुंजनलाही तसंच झालं होतं, आणखी दोघीतिघींनाही. मंदाबाईने सगळ्यांच्या घड्या गोळा करून टोपल्यात ठेवल्या होत्या आणि नलूला उद्या दुपारी येऊन घेऊन जायला सांगितलं होतं. "चिंध्या बऱ्या व्हत्या," हे निरोपातलं शेवटचं वाक्य. नलूला ते फार लागलं. एवढी आंगणं तुडवली, आणि बायका परत गोठ्यातल्या कुडापाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर भांडी घासत होती. वांग्याच्या पानांवर पांढरट ठिपके वाळून बसले होते, फवाऱ्यानंतर बसतात तसे. त्यात नवल काही नव्हतं. पण खालच्या फांदीला एक गुलाबी घडी राहून गेली होती, वर्षालीची विसरलेली. तिच्यावरही तेच ठिपके. नलूने ती नाकाशी नेली आणि झटकन दूर धरली. कैलास अंघोळ करून आला तरी दोन दिवस त्याच्या मानेला जो वास असतो, तोच.

ती तिथेच दगडावर बसली. तिला दोष कळला आणि तो कुणाचा तेही कळलं. डोळे भरून आले, आणि स्वतःचा रागही आला.

वर्षालीला तिने सांगितलं तेव्हा ती घाबरून म्हणाली, "ताई, साबनाचंच सांगा ना मंग. मामाजीले समजलं तं?" मामाजी म्हणजे सासरे.

तेच तर होतं. साबणाचं सांगितलं की घड्या बुडाल्या, कारण नीट धुणाऱ्या बायकांना ते पटणारच नव्हतं. खरं सांगितलं तर म्हाताऱ्याची वाडी बुडाली. चंपाषष्ठी तोंडावर आलेली, आणि विटाळाचं कापड वाळलेल्या वाडीतलं वांगं कोण देवापुढे ठेवणार? आणि काही न बोलता टोपलं उचलून आणलं, तर ज्या बायका घड्या लपवून ठेवतील त्या पुन्हा वांग्यातच वाळवतील. पुढचा फवारा काही फार लांब नव्हता. या शेवटच्या विचाराने नलूचा निर्णय झाला.

मंदाबाईच्या आंगणात बायका जमल्या होत्या. मधोमध टोपलं. गुंजन दाराला टेकून उभी होती, तिला बसवत नव्हतं.

"घेऊन जा वो वापस," मंदाबाई म्हणाली. "पोट्टीचे हाल पाह्य."

"नेतो," नलू म्हणाली. "पन आधी आयका. घडीचा दोष नाई, जागेचा हाये. वांग्यात घाला म्हनून मीच सांगतलं तुमाले. वांग्यावर औषध मारलं, ते घडीवर बसलं, आन् तीच आपन लावली. हे पाहा." तिने गुलाबी घडी पुढे धरली. कुणी हात लावला नाही, पण वास सगळ्यांना आला. भाजीवाल्यांच्या बायका त्या, वास ओळखायला वेळ लागला नाही.

मंदाबाईच्या डोक्यात भलतंच चक्र फिरत होतं. "थांब. तूबी वांग्यातच घालत व्हती का? वासुदेवरावच्या वाडीत?"

"हो."

"कवापासून?"

"लग्न होऊन आली तवापासून."

"आन् चंपाषष्ठीचे वांगे?"

"त्याच वाडीतले."

मग गुंजन हसली. दाबून ठेवलेलं हसू नाकातून फुटलं, आणि हसताना दुखलं म्हणून ती कण्हलीसुद्धा. मंदाबाईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण बाई हिशेबाला पक्की, आपल्याच घरचे इतक्या वर्षांचे नैवेद्य तिने मनात मोजून पाहिले असणार. "देवानं तं एकबी वांगं वापस नाई धाडलं," ती नाइलाजाने म्हणाली. मग टोपलं पायाने आपल्याकडे ओढून घेतलं. "मंग वाळवाच्या कुठी, ते सांग."

"आंगनात. दोरीवर. चांगल्या धुऊन."

"आधी तुया आंगनात दिसू दे," मंदाबाई म्हणाली. "मंग पाहू."

नलू घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. वासुदेवराव बाजेवर ताठ बसले होते.

"वाडीत घालत व्हती?"

"हो मामाजी."

"तुया सासूनं त्या दिवसाईत वाडीत पाय नाई ठेवला जलमभर."

"मीबी पाय नाई ठेवला," नलू बोलून गेली, आणि आपण काय बोललो हे कळून जीभ चावली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग वाडीकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

कैलासला तिने रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "मले सांगाले काय झालतं? मी थांबलो असतो ना घडीभर." एवढं साधं होतं ते. इतकी वर्षं बायको त्याच्याच फवाऱ्यापासून कापड वाचवत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

सकाळी तिने विहिरीवरची जुनी दोरी काढली आणि कडुनिंबापासून कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या खांबापर्यंत बांधली, बरोबर ऊन येतं त्या पट्ट्यात. गाठ दोनदा सुटली. मग घड्या ओळीने घातल्या. निळी, गुलाबी, पिस्ता. झाकायला वरून साडी घातली नाही. सासरा बाजेवर होता. तो उठला, बाज फिरवली, दोरीकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. संध्याकाळी तो कैलासला म्हणाला, "ते दोरी काहाडून टाक." कैलास म्हणाला, "तुमीच सांगा तिले." कुणीच सांगितलं नाही. दोरी राहिली आणि म्हाताऱ्याचं बोलणंही बंद राहिलं. नलू ताट वाढायची, तो जेवायचा, पाणी हवं असलं तर वर्षालीला मागायचा. वर्षाली मलमाने बरी होत होती, ती दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या नेऊन ठेवायची.

मंदाबाई येता-जाता दोरीकडे पाहून जायची. आठवड्याभराने तिच्याही आंगणात दोरी लागली. तिने मात्र एका टोकाला नातवाची लंगोटी लावली, एवढ्यासाठी की विचारणाऱ्याचा गोंधळ उडावा.

चंपाषष्ठीला वासुदेवरावांनी रिवाजाप्रमाणे पहाटे वांगी तोडून टोपलं भरलं आणि बाजेशी ठेवलं. दरवर्षी दिवस वर यायच्या आत टोपलं रिकामं व्हायचं. त्या दिवशी ऊन दोरीपर्यंत आलं तरी कुणी फिरकलं नाही. म्हातारा टोपल्यावरचं फडकं नीट करत बसला होता. नलू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. बापापासूनचा मान आपण घालवला, असं तिला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग मंदाबाई आली. दोरीखालून वाकून सरळ बाजेपाशी. टोपल्यातलं एक वांगं उचलून तिने हुंगलं.

"फवारा कवा मारलता वो भाऊजी याच्यावर?"

वासुदेवराव गोंधळले. आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "झाले लय दिवस. कार्तिकात."

"पक्कं ना? नाई, ज्यानं आमच्या पोट्टीचं कातडं सोललं, ते देवाले काऊन दाखवाचं? आन् नंतर तं आपल्यालेच खा लागते." तिने ओटीत वांगी घेतली. "बाकीच्या बी त्याच्याच साठी थांबल्या हायेत. सांगतो त्याईले."

"आन् ते दुसरं?" वासुदेवरावांनी खालच्या आवाजात विचारलं. मान त्यांनी दोरीच्या दिशेने किंचित हलवली, पाहिलं मात्र नाही.

"त्याचं काय हाये आता," मंदाबाई म्हणाली आणि निघाली.

दुपारपर्यंत टोपलं गेलं. सगळं नाही. दोन-चार घरं त्या वर्षी आली नाहीत, अजूनही येत नाहीत. नलू ते लपवत नाही.

पौषात पुन्हा फवारा आला. आता कैलासला सवय लागली होती, पंप भरण्याआधी तो घराकडे तोंड करून हाक मारायचा, "काई वाळत असंन तं काढा वो." त्या दिवशी वर्षाली पुलगावला माहेरी गेली होती आणि नलू ड्रम भरायला विहिरीत दोर सोडून उभी होती. वारं घराच्या दिशेने होतं. हाक ऐकली आणि तिला दोरी आठवली. दोर तसाच टाकून ती धावली.

कोठ्याच्या आडोशाला येऊन ती थबकली. वासुदेवराव बाजेवरून उठले होते. काठीच्या टोकाने एक एक घडी दोरीवरून उचलायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. पहिली उचलली गेली. दुसरी टोकावरून घसरून मातीत पडली. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग काठी कडुनिंबाला टेकवली, गुडघ्यावर हात ठेवून वाकला, घडी हाताने उचलली आणि झटकली. नीट झटकली, दोनदा. बाकीच्या त्याने हातानेच काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि घरापुढच्या छपरीत गेला.

नलू थोडी थांबली. ड्रमाशी परत जावं की काय, तिला कळेना. मग पदराने हात पुसत ती छपरीत आली. घड्या तिच्या शिवणाच्या मशीनवर एकावर एक ठेवलेल्या होत्या. वासुदेवराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण इतक्या दिवसांनी ते तिच्याशी बोलले.

"ते निळी अजून ओली हाये. फवारा झाला का पुन्हा घालजो."